नव्या हंगामाची पहिली तालीम: कॉन्सर्ट व्हायोलिनवादकाचे सहा आठवडे

सुट्टीनंतर व्हायोलिनची पेटी, म्हणजे केस, उघडली की आधी रोझिनचा (गजाला चोळायच्या राळेचा) वास येतो. ए तार चांगली अर्ध्या स्वराने उतरलेली असते, ई तारेवर घामाचा काळपट डाग असतो, बोचे (गजाचे) घोड्याचे केस एका कडेने विरळ झालेले असतात. हे सगळं डोळ्यांसमोर असूनही हात जातो तो थेट कॉन्चेर्टोच्या (एकल वादक आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या रचनेच्या) शेवटच्या पानाकडे. अजून येतंय ना, एवढंच बघायचं असतं. आणि येतं! पहिल्या दिवशी जवळजवळ सगळं येतं, फसगत होते ती इथेच. तिसऱ्या दिवशी मनगट बोलायला लागतं, पाचव्या दिवशी वाजवायचं बंद करून बर्फ लावत बसावं लागतं. मी हे एकदा नाही, तीनदा केलंय.

उत्तर गोलार्धात कॉन्सर्टचा हंगाम साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतो आणि जूनपर्यंत चालतो. त्याआधीचे सहा आठवडे कसे वापरायचे, त्याचा हा लेख आहे. सुट्टी दोन-तीन आठवड्यांची झाली असेल असं मी धरून चाललेय. दुखापतीनंतर परतत असाल तर यातली हातांसंबंधीची आकडेवारी बाजूला ठेवा आणि फिजिओथेरपिस्ट सांगेल तसंच करा.

तारखा उलट्या मोजा, पण तालमीपासून

कॅलेंडरवर आपण मैफलीच्या तारखेला गोल करतो. तो पुसा आणि ऑर्केस्ट्राबरोबरच्या पहिल्या तालमीला गोल करा. एकल वादकाच्या वाट्याला बहुतेक वेळा एक किंवा दोनच तालमी येतात, त्यातली दुसरी कधीकधी मैफलीच्या दिवशीच असते. तिथे साठ-सत्तर माणसं बसलेली असतात आणि घड्याळ चालू असतं. जे घरी बसलेलं नाही ते तिथे बसत नाही. म्हणून माझ्या हिशेबात रचना पक्की होण्याची तारीख पहिल्या तालमीच्या आठवडाभर आधीची. तिथून पाच आठवडे मागे गेलात की तुमचा पहिला दिवस सापडतो.

एका कागदावर पहिल्या तीन महिन्यांतल्या सगळ्या रचना लिहून काढा. प्रत्येकीपुढे दोन गोष्टी: शेवटची कधी वाजवली आणि पाठ वाजवायची की समोर ठेवून. मग आपोआप तीन गठ्ठे पडतात. हाताखालच्या रचना, गंजलेल्या रचना आणि कधीच न वाजवलेल्या. रोजच्या रियाजात नव्या रचनेला सकाळचा ताजा वेळ द्या, कारण गंजलेली रचना थकलेल्या डोक्यानेही घासता येते, नवी मात्र थकलेल्या डोक्यात शिरत नाही. पहिल्या दोन महिन्यांत दोन पूर्ण नवे कॉन्चेर्टो आले असतील तर व्यवस्थापकाला आजच फोन करा. दीड-दोन वर्षांपूर्वी तारीख घेताना आपण सगळेच शूर असतो.

याच आठवड्यात पत्रव्यवहारही उरकून घ्या. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण पहिल्या तालमीतली निम्मी रड इथूनच सुरू होते. ऑर्केस्ट्राच्या लायब्ररीला विचारा: कोणत्या आवृत्तीचे भाग (वादकांसमोरची स्वरलिपीची पानं) वापरणार, सूर कोणता लावता, काही कापाकापी आहे का? ए ४४० हर्ट्झ हे प्रमाण सगळ्यांना माहीत आहे, पण युरोपातले अनेक ऑर्केस्ट्रा ४४२ किंवा ४४३ वर लावतात. हा फरक कानाला लहान वाटतो, तरी तारांचा ताण आणि वाद्याचा चमकदारपणा थोडा बदलतो. तिथे ४४२ असेल तर घरीही पहिल्या दिवसापासून ४४२ वरच लावा.

कापाकापीचं उदाहरण म्हणजे चायकॉव्हस्कीचा डी मेजर कॉन्चेर्टो. त्याच्या शेवटच्या भागातल्या पुनरावृत्ती गाळून वाजवण्याची प्रथा व्हायोलिनवादक लिओपोल्ड आउअर यांच्या आवृत्तीपासून पडली. आज अनेक जण पूर्ण वाजवतात. तुम्ही पूर्ण वाजवणार आणि ऑर्केस्ट्राच्या जुन्या भागांवर पेन्सिलने फुल्या मारलेल्या, असं झालं की तालमीची दहा मिनिटं खोडरबरात जातात.

कडेन्झाचंही (ऑर्केस्ट्रा थांबतो आणि एकल वादक एकट्याने वाजवतो त्या तुकड्याचंही) तसंच. बीथोव्हनने आपल्या व्हायोलिन कॉन्चेर्टोसाठी कडेन्झा लिहून ठेवला नाही, पण त्याच रचनेचं पियानोसाठी रूपांतर करताना मात्र लिहिला, आणि त्यात टिंपनीलाही (ऑर्केस्ट्रातल्या मोठ्या नगाऱ्यांनाही) काम दिलं. काही वादक तोच कडेन्झा व्हायोलिनवर आणून वाजवतात. सुंदर कल्पना आहे, पण टिंपनी वाजवणाऱ्याला त्याचा भाग आधी हातात मिळायला हवा! व्हायोलिनवादक क्राइसलरचा कडेन्झा वाजवणार असाल तर कंडक्टरला शेवटच्या चार बारची (बार म्हणजे स्वरलिपीतला मात्रांचा एक खण) फोटोप्रत पाठवा, म्हणजे ऑर्केस्ट्राला कुठे आत घ्यायचं ते त्याला कळेल. मोझार्टच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोंना त्याचे स्वतःचे कडेन्झा नाहीतच, त्यामुळे तिथे तुमची निवड काय आहे हे कळवणं आलंच.

वाद्य आधी कारागिराकडे

पहिल्या आठवड्यातच, उशीर नको. त्यामागे एक आठवण आहे. एका हंगामात मी साउंडपोस्ट हलवून घेतला, मैफलीच्या तीन दिवस आधी. साउंडपोस्ट म्हणजे ब्रिजच्या (तारा ज्यावर टेकतात त्या उभ्या लाकडी पट्टीच्या) ई तारेकडच्या पायामागे, वाद्याच्या पोटात, पुढच्या आणि मागच्या फळीमध्ये नुसत्या दाबावर उभी असलेली लाकडी काडी. फ्रेंच आणि इटालियन भाषांत तिला चक्क ‘आत्मा’ म्हणतात. कारागिराने ती केसभर सरकवली आणि ‘जी’ तार अशी उघडली की दुकानात मला हसूच फुटलं. सभागृहात मात्र हसू पळालं. वाद्य आता वेगळ्या दाबाला बोलत होतं आणि माझा उजवा हात जुनाच दाब देत होता. प्रत्येक हळू सुरुवातीला आधी खरखर, मग स्वर. कारागिराची काहीच चूक नव्हती. नव्या आवाजाशी ओळख व्हायला हाताला दोन आठवडे लागतात आणि मी त्याला तीन दिवस दिले होते.

कारागिराकडे जाण्याआधी घरी एवढं बघा:

- फळ्यांच्या कडेने बोटाच्या सांध्याने हलके टकटक करत फिरा. एखाद्या जागी आवाज पोकळ, सैल आला तर तिथला जोड सुटलाय. घाबरू नका. प्राणिज सरस मुद्दामच असा लावतात की हवा बदलली तर लाकूड फुटण्याऐवजी जोड सुटावा.
- ब्रिज बाजूने बघा. खुंट्यांनी सूर चढवताना तारा ब्रिजचा माथा फिंगरबोर्डकडे (बोटं दाबायच्या काळ्या पट्टीकडे) ओढत नेतात. शेपटीकडची बाजू फळीशी जवळपास काटकोनात हवी आणि दोन्ही पाय फळीला पूर्ण टेकलेले हवेत.
- फिंगरबोर्डवर उजेड तिरका पाडा. पहिल्या पोझिशनच्या जागी (खुंट्यांजवळ) तारांच्या चरी दिसल्या तर तो रंधून घ्यायची वेळ झालीय. फिंगरबोर्डावर चर पडली की पंचम कितीही नीट दाबा, स्वच्छ लागत नाही आणि आपण उगाच बोटाला दोष देत बसतो.

तारा एकेक करून बदला. चारही एकदम सोडल्या तर ब्रिज पडतो आणि ‘आत्मा’सुद्धा आडवा होऊ शकतो. चारही तारांचा मिळून ताण वीस किलोच्या वर असतो आणि त्या दाबावरच हे सगळं उभं असतं. नव्या तारेची चर पेन्सिलच्या शिशाने घासून घ्या, नटवरही (खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीवरही) आणि ब्रिजवरही. सिंथेटिक गाभ्याच्या तारा स्थिरावायला चार-पाच दिवस घेतात, आतड्याच्या तारा त्याहून जास्त. म्हणून मी तारा दोनदा बदलते, एकदा पहिल्या आठवड्यात आणि एकदा पहिल्या तालमीच्या आठ-दहा दिवस आधी. उतरवलेल्या बऱ्या तारा केसमध्ये राहतात. त्या आधीच ताणल्या गेलेल्या असतात, त्यामुळे अडीनडीला पटकन सुरात बसतात.

बोवर नवे केस लावून घ्यायचे तर दुसऱ्या आठवड्यात. एका बोवर दीडशे-दोनशेच्या आसपास घोड्याचे केस असतात आणि नव्या केसांना रोझिन धरायला आठवडाभर रियाज लागतो. बोच्या बाबतीत कागदपत्रांचाही मुद्दा आहे. चांगल्या बोचं लाकूड म्हणजे ब्राझीलचं पेर्नांबुको. हे झाड २००७ पासून ‘साइट्स’ या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. जुन्या बोच्या टोकाला हस्तिदंत असेल किंवा फ्रॉगवर (बो धरायच्या ठोकळ्यावर) कासवाचं कवच असेल तर प्रकरण आणखी नाजूक, योग्य परवाना नसेल तर सीमेवर बो जप्त होऊ शकतो. परदेशी दौरा असेल तर बोची खरेदीची पावती, मूल्यांकनाचं पत्र आणि लागू असेल ते वाद्य-प्रमाणपत्र महिनोनमहिने आधी मार्गी लावा. किंवा दौऱ्यासाठी कार्बन फायबरचा चांगला बो घ्या. मी हल्ली दौऱ्यावर तोच नेते, आणि खरं सांगायचं तर मागच्या रांगेत कुणाला फरक कळलेला नाही.

हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहील एवढं बघा. केसमध्ये छोटा मापक ठेवा, खोलीतही एक.

हात: पहिले दहा दिवस

दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीनंतर स्नायू लवकर परत येतात, पण कंडरांना सवय व्हायला जास्त वेळ लागतो. बोटांच्या टोकांची कातडीही मऊ झालेली असते. फसगत होते ती यामुळेच, ताकद आहे असं वाटतं आणि तिला धरून ठेवणारे दोर अजून तयार नसतात.

माझं वेळापत्रक असं आहे. पहिले दोन दिवस पंधरा मिनिटांच्या दोन बैठका. तिसऱ्या दिवसापासून वीस मिनिटांच्या तीन. सहाव्या-सातव्या दिवशी पंचवीस मिनिटांच्या चार. दहाव्या दिवशी पाऊण तासाच्या चार, आणि मग हंगामभर साधारण तेवढंच. दोन बैठकांमध्ये वाद्य खाली ठेवायचं, म्हणजे खरंच केसमध्ये ठेवायचं. पहिले चार दिवस कॉन्चेर्टोचं पानही उघडायचं नाही. घट्ट वाटणारा थकवा चालतो. एका ठिकाणी टोचणारी कळ, बधिरपणा, मुंग्या यांपैकी काहीही आलं तर त्या दिवशीची बैठक तिथेच संपली.

या बैठकांत करायचं काय? मोकळ्या तारेवर लांब बो. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला साठवर ठेवा, आठ ठोक्यांचा एक बो, मग बारा, मग सोळा. ऐकायचं एकच: बोची दिशा बदलताना स्वराला जो सांधा पडतो तो. तो ऐकू येईनासा झाला की उजवा हात जागेवर आला. डाव्या हातासाठी एकाच तारेवर हळू शिफ्ट (हात वर सरकवणं), पहिल्या पोझिशनमधून तिसऱ्या आणि मग पाचव्या, अंगठा बोटांच्या आधी किंचित सैल करत. जलद सुरावटी दुसऱ्या आठवड्यात.

पण मी सर्वांत जास्त वेळ देते तो कानाला. सुट्टीत बोटांपेक्षा कान जास्त गंजतो, आणि कान गंजलाय हे कानालाच कळत नाही. त्यासाठी एक व्यायाम आहे. व्हायोलिन शिकलेल्या प्रत्येकाने तो कधीतरी केलेला असतो आणि मग विसरलेला असतो.

ए ४४० वर लावा. डी आणि जी शुद्ध पंचमात मिळवून घ्या, दोन स्वर न जुळल्यामुळे ऐकू येणारे ठोके पूर्ण थांबेपर्यंत. आता डी २९३.३ वर आहे आणि जी १९५.६ वर. डी तारेवर पहिलं बोट ठेवून ई वाजवा, सोबत मोकळी ए. बोट मिलिमीटरभर सरकवत राहा. एका जागी दोन्ही स्वर एकमेकांत विरघळतात. ती ई ३३० हर्ट्झची आहे. बोट तसंच ठेवा, अजिबात हलवू नका, आणि बो उलट्या बाजूला वळवून तीच ई मोकळ्या जी बरोबर वाजवा. बेसूर! चक्क कानाला टोचणारी. जी बरोबर शुद्ध लागायला ई ३२५.९ वर यावी लागते, म्हणजे बोट जवळपास तीन-चार मिलिमीटर मागे. दोन्ही बरोबर आहेत आणि दोन्ही एकाच वेळी शक्य नाहीत. पियानोची ई तिसरीच आहे, ३२९.६.

मागे आणलेली ई जी बरोबर नीट जुळली की आणखी एक गंमत होते. बो जरा जोरात आणि ब्रिजजवळ ठेवा आणि कान खाली न्या. खालून एक तिसरा स्वर गुणगुणतो. ३२५.९ मधून १९५.६ वजा केले की १३०.३ उरतात, म्हणजे खालचा सी. जो व्हायोलिनवर मुळातच नाही, जी तारेच्याही खालचा! अठराव्या शतकात व्हायोलिनवादक तार्तिनीने हा ‘तिसरा स्वर’ शिष्यांना सूर तपासायला शिकवला. आजही याच्यापेक्षा प्रामाणिक ट्यूनर मला मिळालेला नाही. रोज दहा मिनिटं असे दोन-दोन तारांचे स्वर घ्या आणि तिसरा स्वर ऐकू येईपर्यंत बोट शोधत राहा. स्क्रीनवरच्या ट्यूनरला या काळात हात लावू नका. तो तुम्हाला पियानोची ई देईल आणि तुमच्या हातातलं प्रकरण चिघळेल.

ऑर्केस्ट्राबरोबर याचा उपयोग रोजचा आहे. बाख यांच्या एकल सोनाटा आणि पार्टिटांमध्ये (त्यांच्या हस्ताक्षरातल्या प्रतीवर १७२० साल आहे) तर प्रत्येक पानावर ठरवावं लागतं, की ही ई आता कोणाची बाजू घेणार आहे.

कानाबद्दल बोलतोच आहोत तर डाव्या कानाचंही. वाद्य त्याच्यापासून वीतभर अंतरावर वाजतं आणि जोरकस वादनात आवाज ८५ डेसिबलच्या बराच वर जातो. ८५ डेसिबल आठ तास सुरक्षित धरले तर प्रत्येक ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. लहान खोलीत फोर्टे (जोरात वाजवायच्या जागा) घोळताना डाव्या कानात संगीतकारांसाठी बनवलेला फिल्टर घाला. पहिले चार दिवस विचित्र वाटतं, मग सवय होते.

रचनेकडे परत

दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर रचना उघडायची, पण व्हायोलिन न उचलता. संपूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) घेऊन बसा, आपला भाग नव्हे. माझ्या लाइनखाली कोण आहे, मला स्वर कोणाकडून मिळतो, मी थांबते तेव्हा कोण पुढे नेतं, एवढं पेन्सिलने लिहून काढा. गंजलेल्या रचनेत हे काम एका संध्याकाळी होतं आणि नंतरच्या चार दिवसांची धडपड वाचवतं.

मग सुरुवातीची तालीम. म्हणजे खरोखर सुरुवातीची, पहिल्या आठ बारची. मेंडेल्सनच्या ई मायनर कॉन्चेर्टोत (पहिलं सादरीकरण १८४५, लाइपझिग) एकल वादक दुसऱ्याच बारमध्ये आत येतो. रंगमंचावर चालत आलात, वाकलात, सूर लावला, आणि दोन-तीन सेकंदांत तुम्ही उंच ई तारेवर आहात. बीथोव्हनच्या कॉन्चेर्टोत (१८०६, व्हिएन्ना) नेमकं उलटं. टिंपनीच्या ठोक्यांनी सुरू होऊन ऑर्केस्ट्रा ८८ बार वाजवतो, आणि तीन मिनिटं हात खाली सोडून उभं राहिल्यावर ८९व्या बारमध्ये तुम्हाला एकट्याने ऑक्टेव्हमध्ये (सप्तकाच्या अंतराने) वर चढायचं असतं. हात गार, बो थरथरता, सभागृह शांत. दोन्ही सुरुवाती वेगळ्या तऱ्हेने घोळवाव्या लागतात. मेंडेल्सनसाठी: दिवसातून तीनदा, काहीही तयारी न करता, केसमधून वाद्य काढून सूर लावून थेट पहिलं वाक्य, एकदाच. दुसरी संधी नाही. बीथोव्हनसाठी: फोनवर सुरुवातीचा भाग लावा, पूर्ण तीन मिनिटं उभे राहा, आणि मग आत या. त्या तीन मिनिटांत डावा हात काय करतो हे बघा. माझा मुठी वळत असे. आता मी बोटं वाद्याच्या खांद्यावर टेकवून ठेवते.

पाठांतरासाठी आधी रस्ते फुटण्याच्या जागा शोधा. सोनाटा फॉर्ममध्ये (कॉन्चेर्टोचा पहिला भाग बहुधा ज्या साच्यात असतो त्यात) तेच वाक्य दोनदा येतं आणि दुसऱ्यांदा वेगळीकडे वळतं. बीथोव्हनमध्येच तो ऑक्टेव्हचा प्रवेश पुढे मध्यात पुन्हा दुसऱ्या स्वरातून येतो आणि बी मायनरकडे जातो. मंचावर माणूस विसरतो तो अवघड जागी क्वचितच. विसरतो या नाक्यांवर, कारण बोटांना दोन्ही रस्ते ओळखीचे असतात. असे नाके एका कागदावर लिहा, प्रत्येकाच्या आधीच्या चार बारपासून सुरू करून पहिल्यांदा एका रस्त्याने जा, लगेच दुसऱ्या. वाजवताना मोठ्याने म्हणा, ‘पहिला’, ‘दुसरा’. शेजारचे काय म्हणतील ते म्हणोत.

अवघड जागांचं काम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल, म्हणून एकच गोष्ट. संथ गतीपासून वेग चढवत नेताना एखाद्या ठोक्यावर हात अडकतो. तेव्हा मेट्रोनोम पुन्हा मागे नेण्याआधी बोटांची मांडणी बदलून बघा. दहा वर्षांपूर्वीच्या हातासाठी लिहिलेली बोटं आजच्या हाताला बसतातच असं नाही. तिसऱ्या आठवड्यानंतर मात्र बोटं बदलायची नाहीत, बो कुठे वर-खाली न्यायचा तेही नाही.

चौथ्या आठवड्यात पूर्ण रचना न थांबता, रेकॉर्ड करून. ऐका दुसऱ्या दिवशी, त्याच दिवशी नको. त्या दिवशी फक्त चुका ऐकू येतात. दुसऱ्या दिवशी वेग पळालाय का, वाक्य कुठे श्वास न घेता संपलंय, हे कळतं.

पियानोवादक, कंडक्टर, ऑर्केस्ट्रा

पाचव्या आठवड्यात पियानोवादकाबरोबर किमान दोन बैठका. त्याला सांगा की ऑर्केस्ट्राचा भाग वाजवताना मला सांभाळून घेऊ नकोस, तिथे साठ-सत्तर जण सांभाळणार नाहीत.

कंडक्टरबरोबरची पहिली भेट बहुधा तालमीच्या आदल्या दिवशी किंवा अर्धा तास आधी, एका पियानोच्या खोलीत होते. सगळं वाजवून दाखवायचा मोह आवरा. चार-पाच जागा निवडून न्या: प्रत्येक भागाचा वेग, जिथे तुम्ही वेळ घेता त्या जागा, कडेन्झातून बाहेर पडण्याची जागा, आणि जिथे तुम्ही ऑर्केस्ट्राच्या मागे जाणार ती जागा. ही शेवटची बहुतेक जण विसरतात. मेंडेल्सनच्या पहिल्या भागात कडेन्झा संपताना एकल वादक चारही तारांवर उसळत्या बोने अर्पेजिओ (सुटे सुटे वाजवलेले मेळस्वर) वाजवत राहतो आणि मुख्य सुरावट ऑर्केस्ट्रात परत येते. त्या क्षणी गाणं त्यांचं, साथ तुमची. तिथे रुबाटो (वेग मनाप्रमाणे ताणणं) केलात तर बासरी आणि ओबोची पंचाईत. ‘इथे मी तुमच्या काठीवर’ एवढं एक वाक्य कंडक्टरला सांगितलं की काम होतं.

तालमीत पूर्ण ताकदीने वाजवायची गरज नसते, पण वेग आणि वाक्यं खरी हवीत. नाहीतर ऑर्केस्ट्रा एका माणसाबरोबर तालीम करतो आणि मैफल दुसऱ्याबरोबर. थांबलात तर बोलायचं कंडक्टरशी, थेट वादकांशी नव्हे. अपवाद एकल सूर असलेला वादक. ब्राम्सच्या कॉन्चेर्टोतला संथ भाग ओबोच्या लांब सुरावटीने सुरू होतो आणि तुम्ही नंतर त्याच सुरावटीला उत्तर देता. मध्यंतरात त्या ओबोवादकाकडे जाऊन ‘तुम्ही श्वास कुठे घेता?’ एवढं विचारा. संध्याकाळी ते उत्तर ऐकू येतं.

तालमीच्या वेळी एका माणसाला सभागृहाच्या मागच्या रांगेत पाठवा आणि फक्त एक प्रश्न विचारा: मी कुठे ऐकू येत नाही? त्या जागी बो ब्रिजकडे सरकवा. जास्त दाबल्याने आवाज फार लांब जात नाही, उलट कोंडतो.

प्रवास आणि मैफलीचा दिवस

विमानात व्हायोलिन सोबत, केबिनमध्ये, कधीही सामानात नाही. केबिनची हवा फार कोरडी असते. तारा अर्ध्या स्वराने सैल करा, पूर्ण सोडू नका. पोहोचल्यावर केस लगेच उघडू नका, तासभर खोलीच्या हवेला येऊ द्या.

केस खोलीत एकटी सोडायची नाही. व्हायोलिनवादक ब्रोनिस्वाव हुबर्मान यांनी १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एका व्हायोलिनवर वाजवलं. त्याच वेळी ड्रेसिंग रूममधून त्यांचं दुसरं, १७१३ चं स्ट्राडिव्हारी (त्याच नावाच्या इटालियन कारागिराने बनवलेलं) चोरीला गेलं आणि जवळपास पन्नास वर्षांनी उजेडात आलं. आज ते व्हायोलिनवादक जोशुआ बेल यांच्याकडे आहे. माझी व्हायोलिन स्ट्राडिव्हारी नाही, तरीही माझ्याबरोबर स्वच्छतागृहातसुद्धा येते.

तार मंचावर तुटली तर काय करायचं हे कॉन्सर्टमास्टरशी (ऑर्केस्ट्रातल्या पहिल्या व्हायोलिनवादकाशी) आधी डोळ्यांनी का होईना ठरवून घ्या. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टँगलवूडला चौदा वर्षांच्या व्हायोलिनवादक मिदोरी यांची ई तार बर्नस्टाइनच्या सेरेनेडमध्ये दोनदा तुटली. त्यांनी दोन्ही वेळा शेजारच्या वादकाचं व्हायोलिन घेतलं आणि पुढे वाजवलं. शक्य असेल तर तालमीच्या मध्यंतरात कॉन्सर्टमास्टरचं वाद्य दोन मिनिटं हातात घेऊन बघा. तुमच्या हनुवटीला त्याचा चिनरेस्ट कसा बसतो, एवढं कळलं तरी पुरे.

मैफलीच्या दिवशी दुपारी मी तीस मिनिटांपेक्षा जास्त वाजवत नाही. लांब बो, दोन ई, तिसरा स्वर, पहिलं वाक्य एकदा. एन्कोर (टाळ्यांनंतर वाजवायची जादा रचना) ठरलेला असावा, कंडक्टरला माहीत असावा आणि चार मिनिटांच्या आत संपावा. पुढे सिम्फनी आहे आणि मागे साठ-सत्तर जण थांबलेत.

रात्री खोलीवर परतल्यावर तारांवरचं रोझिन पुसा, बो सैल करा, आणि झोपण्याआधी वहीत तीन ओळी लिहा: कुठे वेग पळाला, कोणता नाका डळमळला, मागच्या रांगेने काय सांगितलं. माझ्या वहीत गेल्या हंगामाच्या पहिल्या रात्रीची नोंद आहे, ‘ब्राम्स, दुसरा भाग, ओबोचा श्वास छान, माझा नाही.’ पुढच्या शहरात तालीम चार दिवसांनी होती. सकाळी उठून मी त्या बारपाशीच सुरू केलं.